गिटारवर डाउलंड: एक तार उतरवा आणि मूळ पान समोर ठेवा

जॉन डाउलंड या इंग्लिश संगीतकाराचं ल्यूटसंगीत वाजवायला ल्यूट, म्हणजे गिटारसारखं तारा छेडून वाजवायचं जुनं युरोपीय वाद्य, विकत घ्यावं लागत नाही. नायलॉन तारांची साधी गिटार, एक कॅपो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) आणि तिसऱ्या तारेच्या खुंटीला थोडासा उलटा पीळ, एवढ्यावर चारशे वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांची पानं जशीच्या तशी वाजवता येतात. त्या पानांची लिपी सोपी आहे, दोन संध्याकाळींत येते. अवघड आहे ते लिपीत न लिहिलेलं. बोट कुठे ठेवायचं आणि तार केव्हा छेडायची हे ती सांगते, बोट केव्हा उचलायचं हे सांगत नाही. डाउलंड गातो की नुसता टणटणतो, ते या उचलण्यावर ठरतं.

माणसाची ओळख थोडक्यात. जन्म १५६३. १५९४ साली एलिझाबेथ राणीच्या दरबारात ल्यूटवादकाची जागा रिकामी झाली तेव्हा त्याने प्रयत्न केला, पण ती मिळाली नाही. १५९८ ते १६०६ तो डेन्मार्कचा राजा ख्रिस्तियान चौथा याच्या पदरी होता, वर्षाला ५०० डालर पगारावर. इंग्लंडच्या दरबारी, पहिल्या जेम्सकडे, नेमणूक झाली ती १६१२ साली, पन्नाशीला टेकल्यावर, आणि त्यानंतर १६२६ मध्ये वारेपर्यंत त्याने फारसं नवं लिहिलं नाही. म्हणजे इंग्लिश दरबाराचा संगीतकार म्हणून आपण जे वाजवतो ते बहुतेक त्या दरबाराबाहेर उभं राहून लिहिलेलं आहे. एकट्या ल्यूटसाठी त्याच्या नावावर शंभरेक रचना आहेत. त्यांचा संग्रह मात्र त्याने स्वतः कधीच छापला नाही. याचा आपल्याला होणारा त्रास पुढे येईलच.

वाद्य

आपल्याकडच्या दुकानात ‘स्पॅनिश गिटार’ मागितली की पुष्कळदा पोलादी तारांची गिटार हातात येते, कारण तो शब्द हवाईयन गिटारपासून वेगळेपणा दाखवायला रुळला आहे. तुम्ही ‘नायलॉन तारांची क्लासिकल’ असंच म्हणा. मान रुंद असते, तारांमध्ये अंतर जास्त असतं, आणि एका बोटाने एक तार दाबताना शेजारची तार मोकळी वाजत राहावी लागते, म्हणून हे अंतर हवंच. घरात पोलादी तारांचीच असेल तर शिकायला ती चालेल. आवाज टोकदार येईल आणि डाव्या हाताची बोटं लवकर दुखतील, इतकंच.

ल्यूटला तारांच्या जोड्या असत. पहिली तार सहसा एकटी आणि खालच्या सगळ्या दुहेरी. पडदे आतड्याच्या दोऱ्याचे, मानेला बांधलेले, सतारीच्या पडद्यांसारखे सरकवता येणारे. गिटारचे पडदे पक्के असल्यामुळे ते काम आपल्याला नाही.

तिसरी तार

ल्यूटच्या सहा जोड्यांमधली अंतरं जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना अशी असतात: षड्ज-मध्यम, षड्ज-मध्यम, मग मध्येच षड्ज-गांधार, पुन्हा दोनदा षड्ज-मध्यम. गिटारमध्ये तो गांधार एक घर पुढे सरकलेला आहे. तिसरी तार जी वरून एफ शार्पवर आणली, म्हणजे एका पडद्याइतकी उतरवली, की दोन्ही वाद्यांची अंतरं जुळतात. जाड तारेपासून गिटार आता ई, ए, डी, एफ शार्प, बी, ई अशी लागते.

तार थेट एफ शार्पवर थांबवू नका. आधी त्याच्याही खाली न्या आणि मग वर चढवत आणा. नायलॉनची तार सैल केली की पुढची काही मिनिटं ती थोडी आकसते आणि स्वर आपोआप चढतो. दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. कानाने तपासायचं तर चौथ्या तारेचा चौथा पडदा म्हणजे मोकळी तिसरी, आणि तिसरीचा पाचवा पडदा म्हणजे मोकळी दुसरी. बाकी सगळीकडे नेहमीप्रमाणे पाचवा.

तिसरी तार उतरवल्यावर मंद, थोडी बोदी वाजते, आणि वरच्या पडद्यांवर बेसूर वाटते. जाड साध्या नायलॉनचा हा दोषच आहे. फक्त तिसऱ्या तारेसाठी कार्बनची तार मिळते. ती बारीक असते आणि स्वर स्पष्ट देते. संच बदलायची गरज नाही, एकच तार बदला.

कॅपो दुसऱ्या पडद्यावर

बहुतेक ठिकाणी तिसऱ्या पडद्यावर लावा असं वाचाल, कारण त्याने वरची तार जी होते आणि ल्यूटची वरची तारही जी. आमचं मत दुसऱ्या पडद्याच्या बाजूने आहे. गिटारची वाजती लांबी साधारण ६५ सेंटिमीटर असते. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की ती ५८ च्या आसपास येते, तिसऱ्यावर ५५ च्या खाली जाते. जी-ल्यूटची लांबी साधारण ६० असते, म्हणजे बोटांचा ताण दुसऱ्या पडद्यावर मूळच्या जवळ राहतो. शिवाय आज अनेक ल्यूटवादक आधुनिक पट्टीपेक्षा अर्धा स्वर खाली लावून वाजवतात, त्यांच्या ध्वनिमुद्रणासोबत वाजवायचं तर दुसरा पडदाच जुळतो. कॅपोच नसेल तर तसंच वाजवा. पट्टी खाली येईल आणि बोटं जास्त ताणावी लागतील, चुकणार काहीच नाही.

कॅपो लावल्यावर पुन्हा सूर लावा, कारण कॅपो तारा किंचित ओढून चढवतो. ट्यूनर ‘क्रोमॅटिक’वर ठेवा. ‘गिटार’वर ठेवलात तर तो तिसरी तार ओढून पुन्हा जुन्या जागी न्यायला सांगत राहील. दुसऱ्या पडद्यावर कॅपो असताना जाड तारेपासून त्याने एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प दाखवायला हवं.

पुढे सगळीकडे स्वरांची नावं कॅपो नसल्यासारखी दिली आहेत.

लिपी

सहा आडव्या रेषा, सहा तारा. सर्वांत वरची रेषा म्हणजे सर्वांत बारीक तार. रेषेवर रोमन अक्षरं असतात: ए म्हणजे मोकळी तार, बी पहिला पडदा, सी दुसरा, डी तिसरा, असं पुढे. आय नंतर जे नसतं, एकदम के येतो, तो नववा पडदा. ही अक्षरं स्वरांची नावं नाहीत. गिटार आधी शिकलेला माणूस पहिले आठ दिवस इथे हमखास अडखळतो. उपाय एकच, वाचताना मनात ‘ए’ न म्हणता ‘मोकळी’ म्हणा, ‘सी’ न म्हणता ‘दोन’. हस्तलिखितातला सी बहुधा आर सारखा दिसतो, कारण ई शी गल्लत होऊ नये म्हणून तो तसाच काढत.

रेषांच्या वर काठ्या असतात, त्यांना शेपट्या. एक शेपटी वाढली की कालावधी निम्मा. आणि एकदा दिलेली खूण पुढची खूण येईपर्यंत लागू असते, प्रत्येक अक्षरावर ती पुन्हा काढत नाहीत. अक्षराखाली एक ठिपका असेल तर ती तार तर्जनीने छेडायची. एकेकट्या धावत्या स्वरात ठिपका नसेल तर तो जोराचा आघात, अंगठ्याने किंवा मधल्या बोटाने.

उदाहरणाला त्याचा सर्वांत प्रसिद्ध तुकडा घेऊ, ‘लॅक्रिमी’ पव्हान. लॅक्रिमी म्हणजे लॅटिनमध्ये अश्रू, पव्हान हा संथ दरबारी नाच. वरची चाल अशी सुरू होते: पहिल्या रेषेवर ए, मग दुसऱ्या रेषेवर डी, बी, ए. म्हणजे पहिली तार मोकळी, दुसऱ्या तारेचा तिसरा पडदा, पहिला पडदा, मोकळी. ई ला सा धरला तर तार सा, कोमल नी, कोमल ध, प. हाच तो पडणारा अश्रू. पुढचे चार स्वर: पहिल्या रेषेवर डी, सी, ए, आणि दुसऱ्या रेषेवर ई. म्हणजे वरचा कोमल ग, रे, सा आणि शुद्ध नी. आधी कोमल नी आणि लगेच शुद्ध नी आला म्हणून इथे राग शोधत बसू नका. खाली जो स्वरमेळ येऊ घातला आहे त्याने तो शुद्ध नी मागितला आहे.

हे आठ स्वर आज वाजवून बघा. इथवर आलात की लिपी आली.

बोट केव्हा उचलायचं

आता खरं काम. डाउलंडच्या पानावर दिसतात अक्षरांचे उभे रकाने, पण ऐकू यायला हव्यात तीन किंवा चार स्वतंत्र आवाजांच्या चाली, एकाच वेळी. खालचा खर्ज पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर एकदा लिहिलेला असतो, आणि त्याच्यावर वरची चाल चार स्वर चालते. नवशिका दुसऱ्या स्वराला खर्जाचं बोट उचलतो, कारण पुढच्या रकान्यात ते अक्षर नाही. अक्षर नाही याचा अर्थ ‘पुन्हा छेडू नका’ एवढाच. ‘सोडा’ असा नाही.

म्हणून नियम: दाबलेलं बोट तेच बोट दुसरीकडे लागेपर्यंत, किंवा त्या आवाजाचा पुढचा स्वर येईपर्यंत, जागेवर राहील. कोणत्या बोटाने दाबायचं हेही यावरूनच ठरवा. सोयीचं बोट आणि टिकणारं बोट यात टिकणारं निवडा, सुरुवातीला हात कितीही वेडावाकडा वाटो.

सरावाचा क्रम असा ठेवा. दोन मापं (दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे एक माप) घ्या, जास्त नको. आधी फक्त खर्ज वाजवा, प्रत्येक स्वर पुढच्या स्वरापर्यंत टिकवून. मग फक्त वरची चाल, शक्य तर गुणगुणत. मग पेन्सिल घ्या आणि प्रत्येक खर्जाच्या अक्षरापासून तो जिथवर टिकायला हवा तिथवर आडवी रेघ ओढा. मग दोन्ही एकत्र, इतक्या संथ की रेघ संपण्याआधी एकही बोट हलणार नाही. मधले आवाज शेवटी भरा. दोन मापांना अर्धा तास लागला तर तो नीट गेला समजा.

हे सर्वांत जास्त लागतं कडव्याच्या शेवटी. तिथे खर्जात बी असतो आणि आधीच्या मात्रेतला ई त्याच्यावर लांबवलेला असतो. तो बीशी घासतो, मग डी शार्पवर उतरतो आणि शेवटी ई वर परत येतो. लांबलेला ई पुष्कळदा पुन्हा छेडलेला नसतो. तुम्ही बोट सोडलंत की घासणंच नाहीसं होतं, आणि डी शार्प कुठून तरी टपकल्यासारखा येतो. सगळं बरोबर वाजवूनही तुकडा बेचव वाटत असेल तर आधी या जागा तपासा.

उलट दोषही होतो. गिटारच्या मोकळ्या जाड तारा फार वेळ घुमतात, ल्यूटच्या आतड्याच्या तारा लवकर विझत. मोकळा ई वाजला, पुढच्या मात्रेला बी चा मेळ आला, तरी ई खाली घुमतच राहतो आणि चिखल होतो. नवा खर्ज छेडल्यावर अंगठ्याची कड जुन्या तारेला हलकेच टेकवून ती गप्प करा. ही सवय पहिल्या तुकड्यापासून लावा, नंतर लागत नाही.

उजवा हात

ल्यूट नखांशिवाय, बोटाच्या मांसाने वाजवत. नखं वाढवलेली असतील तर कापायची सक्ती नाही, पण घोडीपासून दूर, भोकाच्या वरच्या काठाशी वाजवा. धावत्या स्वरांत जाड तारांवर अंगठा-तर्जनी, बारीक तारांवर मधलं बोट-तर्जनी अशी आलटापालट ठेवा, तर्जनी नेहमी कमजोर मात्रेवर. दोन्ही आघात सारखे करायचा प्रयत्न करू नका. ठिपक्यांची पद्धत मुळातच एक जड, एक हलका अशा चालीसाठी आहे.

सजावटीच्या खुणा सुरुवातीला सोडून द्या. एकच खूण दोन हस्तलिखितांत दोन अर्थांनी येते.

काय वाजवायचं

डाउलंडच्या ल्यूटरचनांना डायना पोल्टन यांच्या आवृत्तीतले क्रमांक आहेत, ‘पी’ आणि आकडा. शोधताना नावापेक्षा हा क्रमांक वापरा, नावांची स्पेलिंग पानागणिक बदलतात.

पहिला तुकडा ‘ऑर्लँडो स्लीपेथ’, पी ६१. लहान आणि संथ, खर्ज टिकवायचा सराव इथेच करा. दुसरा ‘मिसेस विंटर्स जंप’, पी ५५. मिनिटभराचा, उड्या मारणारा. त्यानंतर ‘लेडी हन्सडन्स पफ’, पी ५४, ज्यात पहिल्यांदा बोटं खरोखर पळवावी लागतात.

मग गॅलियार्ड. हा सहा मात्रांचा नाच आहे, पावलं पाच. पाचव्या मात्रेला नाचणारा हवेत असतो आणि सहाव्याला जमिनीवर येतो. म्हणून फार जलद घेऊ नका, माणसाला खाली यायला वेळ लागतो. ‘फ्रॉग गॅलियार्ड’ (पी २३) लांब-आखूड, लांब-आखूड असा डुलत चालतो आणि बोटांना ई मेजरच्या ओळखीच्या जागा देतो. ‘कॅन शी एक्स्क्यूज’, म्हणजे अर्ल ऑफ एसेक्सचा गॅलियार्ड (पी ४२), लयीला अवघड आहे. दादऱ्याच्या सहा मात्रा कधी तीन-तीन तर कधी दोन-दोन-दोन अशा पडतात, आणि कधी कधी वरचा आवाज एक हिशेब धरतो, खालचा दुसरा. पायाने सहा समान मात्रा धरा, टाळी देऊन दोन्ही प्रकार म्हणा, मगच गिटार उचला. ‘किंग ऑफ डेन्मार्क्स गॅलियार्ड’ (पी ४०) रणवाद्यांच्या नकलेचा आहे, एकच स्वर पुन्हा पुन्हा ठोकत जाणारा. ऐकणाऱ्यांना हाच पटकन आवडतो.

‘लॅक्रिमी’ पी १५ आहे. पव्हानची तीन कडवी असतात आणि प्रत्येक कडवं दोनदा येतं, दुसऱ्यांदा डिव्हिजनसह. डिव्हिजन म्हणजे लांब स्वर फोडून त्यांच्या जागी भरलेले बारीक स्वर. गत तीच, दुगुन-चौगुन भरलेली, आणि ऐन वेळी सुचलेली नव्हे तर लिहिलेली. आधी फक्त तीन साधी कडवी शिका आणि तीच दोनदा वाजवा. महिनाभर तेवढंच पुरे. लय ठरवताना डिव्हिजनमधली सर्वांत जलद जागा आधी वाजवून पाहा. ती ज्या लयीत स्वच्छ येते तीच सगळ्या तुकड्याची लय. साधं कडवं ऐटीत सुरू करायचं आणि दुसऱ्या फेरीत अडखळायचं, हा या तुकड्यातला नेहमीचा अपघात आहे.

चुका आणि पाठभेद

१५९६ साली लंडनमध्ये डाउलंडचे काही ल्यूटचे तुकडे त्याला न विचारता छापले गेले. पुढच्याच वर्षी आपल्या पहिल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने ते चुकीचे आणि अपुरे असल्याची तक्रार केली. अधिकृत संग्रह नसल्यामुळे आज मुख्य आधार हस्तलिखितांचा आहे. त्यातला मोठा साठा मॅथ्यू होम्सने उतरवलेला, केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. एकाच तुकड्याचे तीन-चार पाठ सापडतील आणि डिव्हिजन वेगळ्या असतील. कुठला खरा या वादात पडू नका. एक निवडा आणि त्यालाच धरून राहा, दोन पाठांचे तुकडे जोडलेत की बोटांचा क्रम बिघडतो.

पानावर दोन चुका नेहमी भेटतात. पहिली, काठीची शेपटी राहून गेलेली. मापातल्या मात्रा मोजा, हिशेब जुळत नसेल तर शेजारच्या सारख्या मापाकडे पाहा. दुसरी, अक्षर बरोबर पण रेषा चुकलेली. एखादा स्वर ठार बेसूर लागला तर तेच अक्षर वरच्या किंवा खालच्या रेषेवर वाजवून बघा, बहुधा उलगडा होतो.

रेषांच्या खाली लटकलेलं अक्षर दिसलं तर ती ल्यूटची सातवी जोडी. गिटारवर ती नाही. ती जोडी एफ मध्ये लावलेली असेल तर गिटारवर डी हवा, तेव्हा मोकळी चौथी तार वाजवा. डी मध्ये असेल तर बी हवा, तो पाचव्या तारेचा दुसरा पडदा. दोन्ही वेळा स्वर एक सप्तक वर जातो. तो वरच्या चालीच्या पायात येत असेल तर सरळ गाळा. १६१० साली डाउलंडच्या मुलाने, रॉबर्टने, काढलेल्या संग्रहातल्या तुकड्यांना खर्जाच्या आणखी तारा लागतात, ते आत्ता नकोत.

सोबत व्हायोलिनवाले असतील तर

१६०४ साली लंडनमध्ये त्याचा वाद्यमेळाचा संग्रह निघाला, ख्रिस्तियानची बहीण आणि जेम्सची राणी अ‍ॅन हिला अर्पण केलेला. त्यात २१ तुकडे आहेत, पहिले सात त्याच ‘लॅक्रिमी’ चालीवरचे पव्हान. पाच आवाज व्हायोल (गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य) किंवा व्हायोलिनसाठी आणि शिवाय ल्यूट, असं मुखपृष्ठावरच लिहिलेलं आहे, त्यामुळे व्हायोलिन वापरताना कुणाची परवानगी नको. पानाची छपाईही मजेदार आहे: प्रत्येकाचा भाग वेगळ्या दिशेला तोंड करून, म्हणजे पुस्तक टेबलावर मधोमध ठेवून सगळे भोवती बसतात. खालच्या आवाजांना व्हायोला आणि चेलो लागतील. अडचण पट्टीची. ‘लॅक्रिमी’चा वाद्यमेळ ए मायनरमध्ये आहे आणि एकट्या ल्यूटचा पाठ जी मायनरमध्ये. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून एकल पाठ त्यांच्यासोबत वाजवायला गेलात तर काहीच जुळणार नाही. मेळात बसायचं तर त्या संग्रहातला ल्यूटचा स्वतंत्र भाग घ्या आणि कॅपो तिसऱ्या पडद्यावर न्या. इथे तिसराच हवा, कारण बाकीचे आधुनिक पट्टीत असतील.

मग कधी तरी

‘फोर्लोर्न होप फॅन्सी’ (पी २) आणि ‘फेअरवेल’ (पी ३) ऐकले की लगेच वाजवावेसे वाटतात. थांबा. पहिल्याची चाल सा पासून प पर्यंत एकही अर्धस्वर न गाळता खाली येते, ‘लॅक्रिमी’चाच अश्रू सहा पायऱ्यांनी उतरल्यासारखा. दुसऱ्याची तशीच वर चढते. ही चाल आलटून पालटून प्रत्येक आवाजात येते, आणि बाकीचे आवाज टिकवून ती एकटी पुढे काढावी लागते. तयारी म्हणून ते सहा स्वर आधी पहिल्या तारेवर, मग तिसरीवर, मग पाचवीवर वाजवा. दर वेळी शेजारची एक दाबलेली तार सोबत वाजत ठेवा. सहाव्या स्वराला ती अजून वाजत असली पाहिजे.